उतारवयात राहायचं कुठे आणि कसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठांच्या राहण्याबद्दल आणि त्यांच्या देखभालीबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही मुलामुलींचे आहेत, काही स्वतः ज्येष्ठांचे. माहिती मुख्यतः महाराष्ट्राची आहे. गोव्यात जिथे वेगळी व्यवस्था आहे तिथे तसं म्हटलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

एक आग्रह सुरुवातीलाच सांगतो. कुठे राहायचं हा निर्णय ज्याचा आहे त्यानं घ्यावा, आणि हातपाय चालत असताना घ्यावा. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळायच्या दिवशी घाईत ठरवलेली जागा बहुतेक वेळा इतरांच्या सोयीची असते.

१. वृद्धाश्रम, ज्येष्ठ नागरिक संकुल आणि असिस्टेड लिव्हिंग यांत फरक काय?

वृद्धाश्रम म्हणजे सहसा ट्रस्टनं चालवलेली जागा. एकट्याची किंवा दोघाचौघांत मिळून खोली, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता आणि औषधं वेळेवर दिली जातात. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्यातली ‘निवारा’ ही संस्था एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे.

ज्येष्ठ नागरिक संकुलात स्वतःचा फ्लॅट, स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःची किल्ली असते. सोबत सामायिक भोजनगृह, ठरावीक वेळी येणारा डॉक्टर, खोलीत संकटाची घंटा. पुण्यातली ‘अथश्री’ची संकुलं किंवा नेरळजवळचं डिग्निटी फाउंडेशनचं संकुल ही या प्रकारची माहीत असलेली नावं. इथे येणाऱ्यानं आपलं आपण करणं अपेक्षित असतं.

असिस्टेड लिव्हिंगमध्ये आंघोळ, कपडे, चालणं, औषधं यांत रोज माणसाची मदत मिळते. त्याच्या पुढची पायरी शुश्रूषा केंद्राची. नाकातून नळी, लघवीची पिशवी, बेडसोअर, ऑक्सिजन असलेल्या रुग्णांना तिथे नर्सच्या देखरेखीखाली ठेवतात.

पाटीवरच्या नावावर मात्र जाऊ नका. ‘केअर होम’ असं लिहिलेल्या जागी रात्री फक्त वॉचमन असू शकतो आणि साध्या वृद्धाश्रमात दोन नर्स असू शकतात. कोणत्या मदतीला तिथे माणूस आहे आणि कोणत्या वेळी आहे, यावरून जागा ओळखावी.

२. आई-बाबा दोघंच राहतात, तब्येत बरी आहे. त्यांना हलवायची गरज आहे का?

बहुतेक वेळा नाही. वीसतीस वर्षं एका सोसायटीत राहिलेल्या माणसाला शेजारी, वाणी, देऊळ, फॅमिली डॉक्टर असं बरंच काही तिथे मिळत असतं आणि ते दुसरीकडे विकत मिळत नाही. आधी घरच राहण्याजोगं करा (प्रश्न ३) आणि बाहेरची मदत जोडा.

जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात नाव घाला. पुणे, ठाणे, नवी मुंबईत महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, तिथे दिवसाचे दोन-तीन तास चांगले जातात. एकट्यादुकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात ठेवली जाते, तीही करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या सूचनेनुसार सत्तरीपुढच्या ग्राहकांना बँकेनं मूलभूत सेवा घरपोच द्यायच्या आहेत. आपल्या शाखेत लेखी मागा. पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या काढता येतो. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

हलवायचा विचार कधी करावा? गॅस चालू राहिला, औषधं दोनदा घेतली गेली, वर्षात पुन्हा पुन्हा पडणं झालं, जेवण चहा-बिस्किटांवर आलं, किंवा दोघांतला सांभाळणारा स्वतःच थकला, तर. यातली शेवटची खूण सगळ्यात उशिरा लक्षात येते, कारण तो माणूस तक्रार करत नाही.

३. घरात नेमके कोणते बदल करावेत?

बाथरूमपासून सुरुवात करा. ओली फरशी, गुळगुळीत टाइल्स, उंबरा आणि धरायला काही नसणं, यामुळे माणसं पडतात. कमोडशेजारी आणि नळापाशी भिंतीत पक्के दांडे बसवा. टॉवेल अडकवायचा रॉड वजन पेलत नाही, तो या कामाला चालत नाही. आंघोळीला पाठ असलेली प्लास्टिकची खुर्ची द्या. दाराला आतली कडी ठेवू नका, बाहेरून उघडता येईल असं कुलूप लावा. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असलं तर उत्तमच, कारण आत पडलेला माणूस दाराआड आला की आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. सुटी सतरंजी आणि पायपुसणी काढून टाका. पलंगाची उंची अशी हवी, की बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील. घराची एक किल्ली शेजारी द्या. जुन्या तीन मजली इमारतीत लिफ्ट नसेल तर बाकी सगळे बदल करूनही माणूस घरात अडकतो. अशा वेळी त्याच भागात तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर भाड्यानं घेणं हा पर्याय लोक फार कमी वेळा विचारात घेतात. खरं तर परिसर न सोडता घर बदलता येतं.

४. देखभालीची माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून माणूस ठेवायचा आहे. काय ठरवून घ्यावं?

सगळ्यात आधी कामाचं स्वरूप. फक्त सोबत, का आंघोळ-डायपर-भरवणं, का इन्सुलिन आणि नळीची देखभाल? ब्युरो सगळ्यांना ‘ट्रेंड’ म्हणतात. इंजेक्शन किंवा नळीचं काम असेल तर शिकलेली नर्सच मागा, मावशींवर ते ढकलू नका.

बारा तास की चोवीस तास, हे ठरवताना लक्षात ठेवा की चोवीस तासांचा माणूसही झोपणार. रात्री चारपाच वेळा उठवावं लागत असेल तर एका माणसावर ते महिनाभर निभत नाही, दोन पाळ्या लागतात. सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार, दिवाळी-गणपतीत काय, जेवण कोणाकडे, ब्युरोचं कमिशन किती आणि माणूस आवडला नाही तर किती दिवसांत बदलून देणार, हे कागदावर घ्या. ओळखपत्राची प्रत घेऊन पोलिसांकडून पडताळणी करून घ्या. दागिने आणि एटीएमचा पिन माणूस येण्याआधीच मार्गी लावा, म्हणजे नंतर संशयाचं वातावरण होत नाही.

त्या मावशींना किंवा मामांना बसायला खुर्ची, झोपायला नीट जागा आणि वेळेवर पगार मिळाला पाहिजे. आई-बाबांची काळजी किती चांगली घेतली जाईल हे त्यावर फार अवलंबून असतं.

५. महिन्याला खर्च किती येतो?

शहर, खोली आणि लागणारी मदत यांवर आकडा इतका बदलतो, की एक रक्कम सांगणं दिशाभूल ठरेल. पण सांगितलेल्या फीमध्ये काय *नाही*, हे विचारलंत तर खरा आकडा कळतो. डायपर, औषधं, डॉक्टरची भेट, फिजिओथेरपी, हॉस्पिटलला नेताना सोबत जाणारा माणूस, वेगळं पथ्याचं जेवण, लाँड्री, एसीचं वीजबिल यांतलं बरंचसं वेगळं लागतं. दरवर्षी फी किती टक्क्यांनी वाढते हे लेखी घ्या आणि त्याच दराने दहा वर्षांचा हिशेब मांडा.

जीएसटीही विचारा. सरकारनं किंवा आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेनं चालवलेल्या वृद्धाश्रमात माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या शुल्कावर जीएसटी माफ आहे. खासगी कंपनीच्या केंद्राला ही सवलत नाही.

६. संकुलातलं घर विकत घ्यावं, की डिपॉझिट भरून राहावं?

आपल्याकडे तीन पद्धती दिसतात. मालकीहक्कानं खरेदी, मोठं डिपॉझिट भरून हयातभर राहण्याचा हक्क, आणि साधं महिन्याचं भाडं.

विकत घेतलंत तर घर वारसांना जातं. पण अनेक संकुलांत राहणाऱ्याचं किमान वय ठरलेलं असतं, त्यामुळे पन्नाशीच्या आतला वारस तिथे राहू शकत नाही. त्याला ते घर दुसऱ्या ज्येष्ठालाच विकावं किंवा भाड्यानं द्यावं लागतं. शिवाय बांधणारा बिल्डर आणि सेवा देणारी कंपनी वेगवेगळी असेल, तर पाच वर्षांनी सेवा कोण देणार हे करारात असायला हवं. इमारत उभी आहे पण भोजनगृह बंद पडलंय, अशा संकुलाला ज्येष्ठांसाठीचं म्हणण्यात अर्थ उरत नाही.

नव्या प्रकल्पात महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक पाहा. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले आहेत. एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असा किमान ९०० मिलिमीटर रुंद दरवाजा, पायऱ्या नसलेले पॅसेज, बाथरूममध्ये धरायचे दांडे, न घसरणाऱ्या फरश्या. जाहिरातीत ‘ज्येष्ठांसाठी’ लिहिलेलं असेल तर या गोष्टी विक्री करारात आहेत का, ते वाचून घ्या.

डिपॉझिटच्या पद्धतीत खरा प्रश्न परताव्याचा. मृत्यू झाला तर, सोडून गेलात तर, संस्थेनं जायला सांगितलं तर, प्रत्येक वेळी किती रक्कम, किती दिवसांत आणि कोणाला? दरवर्षी डिपॉझिटमधून काही टक्के कापले जाणार असतील तर ते भाडंच आहे, आणि हिशेब तसाच करा.

आमचं मत विचाराल तर पहिलं वर्ष भाड्यानं राहावं. तिथे करमतं की नाही हे सहा महिन्यांशिवाय कळत नाही.

७. जागा पाहायला गेल्यावर काय पाहायचं?

फोन न करता, जेवणाच्या वेळी जा. ताटात काय आहे आणि भरवायची गरज असलेल्यांना कोण, किती सावकाश भरवतंय, ते पाहा. संध्याकाळी सहानंतर एकदा पुन्हा जा, कारण दिवसपाळी गेल्यावरची जागा वेगळी असते.

लघवीचा वास एखाद्या खोलीत येणं साहजिक आहे, सगळ्या मजल्यावर येणं नाही. राहणाऱ्यांची नखं आणि दाढी पाहा. त्यांच्याशी कर्मचारी नावानं बोलतात का, ‘काका-आजी’ म्हणत दरडावतात का, हे पाच मिनिटांत ऐकू येतं. टीव्हीसमोर सगळ्यांना ओळीनं बसवलं असेल तर त्यांतले किती जण खरंच पाहताहेत?

मग विचारा. रात्री बारा वाजता इथे कोण जागं असतं? शेवटची तातडीची घटना कधी घडली आणि काय केलंत? सर्वांत जवळचं आयसीयू किती मिनिटांवर? अँब्युलन्स स्वतःची की बोलवावी लागते? नातेवाइकांना भेटायच्या वेळा ठरलेल्या आहेत का? भेटीवर फार बंधनं असलेली जागा शक्यतो टाळा. आणि अंथरुणाला खिळलेल्यांचा विभाग दाखवा म्हणा. ‘तो विभाग दाखवत नाही’ असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा.

कोणत्याही परिस्थितीत ज्यांनी राहायचं आहे त्यांना दाखवल्याशिवाय पैसे भरू नका. आठपंधरा दिवस राहून पाहण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते.

८. पुढे अंथरुणाला खिळलो तर तिथेच ठेवतात का?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. तो सगळ्यांच्या आधी विचारायला हवा. अनेक वृद्धाश्रमांची आणि जवळजवळ सगळ्या स्वतंत्र राहण्याच्या संकुलांची अट असते, की राहणाऱ्यानं स्वतःचं स्वतः करावं. प्रवेशअर्जात ते एका ओळीत असतं आणि सही करताना नजरेआड होतं. मग ऐंशीव्या वर्षी मांडीचं हाड मोडतं आणि महिन्याभरात दुसरी जागा शोधायची वेळ येते.

त्यामुळे लेखी विचारा. चालता येईनासं झालं तर, डायपर लागला तर, नाकातून नळी आली तर, विसरभोळेपणा वाढला तर, यांतल्या कोणत्या टप्प्यावर तुम्ही नाही म्हणाल? नाही म्हणाल तेव्हा किती दिवसांची मुदत द्याल? त्याच आवारात शुश्रूषा विभाग असेल तर तिथे जागा मिळण्याची हमी आहे की प्रतीक्षायादी? संकुलात खासगी माणूस ठेवायला परवानगी आहे का? ही परवानगी मिळाली तर अनेकांना शेवटपर्यंत आपल्याच फ्लॅटमध्ये राहता येतं.

९. वडिलांना डिमेन्शिया आहे. साध्या वृद्धाश्रमात चालेल का?

सुरुवातीच्या टप्प्यात, ओळखीच्या दिनक्रमात, कदाचित. पण ते बाहेर निघून जात असतील, रात्री जागत असतील किंवा चिडून अंगावर जात असतील, तर डिमेन्शियाची माहिती असलेले कर्मचारीच लागतात. बांधून ठेवणं किंवा झोपेच्या गोळ्यांवर दिवस काढणं ही काळजी नव्हे. तुम्ही त्यांना काय करता, असं थेट विचारा. आवाराला सुरक्षित कुंपण, आतल्या आत फिरायला जागा आणि तीच ती माणसं रोज असणं, या गोष्टी चकचकीत लॉबीपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या.

निदान झाल्यावर कागदपत्रांचं काम लगेच हाती घ्या. त्याचं कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. पैसे नाहीत, सांभाळणारं कोणी नाही. मोफत सोय आहे का?

आहे, पण पुरेशी नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा एक तरी वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात जिल्ह्यागणिक परिस्थिती वेगळी आहे. अनुदानित आणि ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा, किंवा १४५६७ वर विचारा.

महाराष्ट्रात ६५ पूर्ण झालेल्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना श्रावणबाळ योजनेतून महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही सरकारी मदत संस्था वृद्धाश्रम चालवते, आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून मासिक मदत मिळते.

११. सत्तरीपुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड केअर सेंटरच्या बिलाला चालतं का?

नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. त्यावर यादीतल्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, आणि घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते. ब्युरोचा माणूस, वृद्धाश्रमाची फी, ओपीडीची औषधं यांत येत नाहीत. तरीही कार्ड काढून ठेवाच. आधार कार्ड पुरतं, आणि खासगी विमा असला तरी चालतं.

१२. घर आहे पण हातात पैसा नाही. रिव्हर्स मॉर्टगेज घ्यावं का?

साठीपुढच्या व्यक्तीला स्वतःच्या राहत्या, कर्जाचा बोजा नसलेल्या घरावर बँकेकडून महिन्याला किंवा एकरकमी पैसे मिळतात आणि हयातीत हप्ता भरावा लागत नाही. ही योजना २००७ पासून आहे. पती-पत्नी दोघांच्या पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर ठेवावं, नाहीतर बँक विकून उरलेली रक्कम वारसांना देते. मिळणाऱ्या पैशावर आयकर नाही.

एक अडचण मात्र फार कमी जणांना माहीत असते. तुम्ही ते घर कायमचं सोडून वृद्धाश्रमात किंवा नातेवाइकांकडे गेलात, तर कर्ज तेव्हाच देय होतं. साधारण सलग वर्षभर कोणीच तिथे राहिलं नाही तर कायमचं सोडलं असं धरलं जाऊ शकतं. म्हणजे घरीच राहून देखभालीचा खर्च भागवायला ही योजना उपयोगी आहे, बाहेरच्या केंद्राची फी भरायला नाही. केंद्रात जायचं असेल तर घर भाड्यानं देणं बरं. मात्र लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवूनच करा, महाराष्ट्रात तो सक्तीचा आहे.

१३. मुलाच्या नावावर घर आत्ताच करून द्यावं का? तो म्हणतो नंतर कटकट नको.

आमचं उत्तर ठाम आहे, देऊ नका. मृत्युपत्र करा. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, कधीही बदलता येतं, आणि हयातीत घर तुमचंच राहतं. बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी गेलं. महाराष्ट्रात मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यामुळे ते फार सहज होऊन जातं.

द्यायचंच असेल तर ‘हयातभर इथे राहण्याचा हक्क आणि देखभालीची जबाबदारी’ ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहा. तोंडी वचन पुरत नाही. मुलावर विश्वास आहे तर अट लिहायला मुलाचीही हरकत नसावी.

१४. आधीच नावावर करून दिलंय आणि आता सांभाळत नाहीत. परत मिळेल का?

मिळू शकतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं (प्रश्न १०) कलम २३ सांगतं, की देखभालीच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्यानं अट मोडली तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. हा कायदा लागू झाल्यानंतर केलेल्या हस्तांतरणांनाच तो चालतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात अशी अट होती हे दाखवावं लागेल असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे लावायला हवा असं सांगून आईला घर परत दिलं. तिथे मुलानं सांभाळण्याचं वचन लिहून दिलेला कागद होता. म्हणून चिठ्ठी, मेसेज, काही लिहिलेलं असेल तर जपून ठेवा.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या निर्वाह न्यायाधिकरणात करायचा. वकील लागत नाही. स्वतः जमत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. त्याच ठिकाणी महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ताही मागता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, आणि निकाल विरुद्ध गेला तर ज्येष्ठाला ६० दिवसांत अपील करता येतं. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हाही आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरातून मुलाला बाहेर काढण्याचा आदेशही काही प्रकरणांत मिळतो, पण तो आपोआप मिळत नाही. घरात सून राहत असेल तर गुंता वाढतो. २०२० च्या एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सुनेला मिळालेला राहण्याचा हक्क २००७ चा कायदा वापरून सरसकट डावलता येणार नाही. दोन्ही बाजू ऐकूनच निर्णय होतो, आणि तसंच व्हायला हवं.

१५. आम्ही परदेशात आहोत. आईनं मुखत्यारपत्र दिलंय, तेवढं पुरेल ना?

आई शुद्धीत आणि समजत्या अवस्थेत असेपर्यंत पुरेल. भारतात मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते मुखत्यारपत्र संपतं. डिमेन्शिया वाढल्यावर त्याच्या आधारे घर विकणं किंवा ठेव मोडणं अडतं, आणि मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं. म्हणून आधीच बँक खाती ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीनं करा, नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र करून घ्या.

उपचारांबद्दलची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये मान्यता दिलेलं आणि २०२३ मध्ये सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. त्यात निर्णय कोणी घ्यायचा त्या व्यक्तीचं नाव असतं. सही करायला तासाभरात पोचेल असा भारतातला एक माणूस केंद्राला आणि हॉस्पिटलला लेखी कळवा. भाऊ-बहिणींत वेगवेगळ्या देशांतून फोनवर वाद होत असताना डॉक्टर थांबून राहतात, हे टाळता येण्यासारखं आहे.

मुलगा भारतीय नागरिक असेल तर परदेशात असूनही २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा (प्रश्न १४) त्याला लागू होतो.

१६. आम्हाला मूलबाळ नाही. भाच्याची काही जबाबदारी असते का?

तुमची मालमत्ता त्याच्या ताब्यात असेल किंवा कायद्यानं वारशात त्याला मिळणार असेल, तर हो. निर्वाहासाठी अर्ज करता येतो (पद्धत प्रश्न १४ प्रमाणे). मालमत्ता नसेल तर नात्यानं जबाबदारी येत नाही. मूलबाळ नसलेल्यांनी साठीतच एक विश्वासाचा माणूस, एक मृत्युपत्र आणि एक पाहून ठेवलेली जागा एवढं करून ठेवावं. एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना आम्ही हे विशेष आग्रहानं सांगतो, कारण त्यांच्या वतीनं परस्पर ठरवणारे नातेवाईक फार लवकर पुढे येतात.

१७. बाबांना काळजी लागते, आई धडधाकट आहे. दोघांनी वेगळं राहायचं का?

शक्यतो एकाच आवारात दोन्ही सोयी असलेली जागा शोधा. आई फ्लॅटमध्ये, बाबा शुश्रूषा विभागात, आणि जेवण एकत्र. ते न जमल्यास बाबांचं केंद्र आईच्या घरापासून रिक्षानं जाता येईल इतकं जवळ हवं. शहराबाहेरची डोंगरपायथ्याची जागा कितीही छान असली तरी आईला तिथे रोज पोचता येणार नाही. आणि आईनं रोज दिवसभर तिथे बसून राहावं अशी अपेक्षा ठेवू नका.

१८. आई तयारच नाही. न सांगता नेऊन ठेवलं तर?

करू नका. समजत्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कुठेही ठेवण्याचा अधिकार मुलांना नाही, आणि ‘चार दिवस फिरायला जाऊ’ म्हणून नेलेलं माणूस नंतर कोणावरच विश्वास ठेवत नाही. नकारामागे काय आहे ते विचारा. अनेकदा तिला स्वयंपाकघर, देव्हारा, मांजर किंवा महिला मंडळाचा मंगळवार सोडायचा नसतो, आणि त्यावर मार्ग निघतो. दिवसापुरत्या केंद्रानं सुरुवात करा. शस्त्रक्रियेनंतर बरं होईपर्यंत महिनाभर राहणं हाही चांगला प्रारंभ असतो. तरीही नाही म्हणाली तर घरीच मदत वाढवा (प्रश्न ४). तिनं धोका पत्करून घरी राहायचं ठरवलं, तर तो तिचा हक्क आहे.

१९. केंद्रानं अचानक ‘आठ दिवसांत घेऊन जा’ सांगितलं. काय करावं?

आधी कारण लेखी मागा आणि करारातली मुदत पाहा. तब्येतीचं कारण असेल तर त्यांच्या डॉक्टरचा अहवाल घ्या, नव्या जागेलाही तो लागेल. मुदत संपेपर्यंत जेवण किंवा औषधं तोडली तर १४५६७ वर आणि पोलिसांकडे तक्रार करा. डिपॉझिट अडवलं, कबूल केलेली सेवा दिली नाही किंवा मुदत न पाळता बाहेर काढलं, तर पैसे भरून घेतलेल्या सेवेतली त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा परतावा तिथेच सुटतो. प्रवेशाच्या दिवशीची पावती, कराराची प्रत आणि महिन्याची बिलं एका फाइलमध्ये केंद्राबाहेर, घरच्या कोणाकडे तरी ठेवलेली असली पाहिजेत. करार केंद्राच्याच कपाटात असेल तर आजच त्याची प्रत मागून घ्या.